व्हायोलिनची जागा

चि. रत्नदीप,
सप्रेम जयभीम.

काल सोलापुरात बाबांचं व्हायोलिन आणि माझा पियानो असा कार्यक्रम झाला. सोनाटाच्या मध्यावर बाबा एकदम थांबले. त्यांनी सुरुवात करावी म्हणून मी आधीची ओळ पुन्हा वाजवली, परत वाजवली, डोळ्यांनी दटावलंही. ते हसून म्हणाले, "बाई, लई छान वाजवता की तुम्ही!"

व्हायोलिनचं उरलेलं मीच पियानोवर वाजवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यासोबत बाबांनीही, गज काखेत धरून.

हे पत्र पाठवणं माझ्याने होणार नाही. रविवारी तू फोनवर "बाबांना दे" म्हणशील. फोन देताना मी तुझं नाव मोठ्याने घेईन. पुन्हा पुन्हा घेईन.

तुला काहीच न कळवणारी,
आई