एका रांगेत दहा माणसं

४ ऑक्टोबर
आजपासून रोजनिशी. कारण या घरात, या आळीत, किंबहुना अख्ख्या जांबे गावात माझ्याशी विमानांवर बोलायच्या लायकीचं एकही माणूस नाही.

वैष्णवीचा शिकागोहून फोन. आमची एकुलती एक. सातवा महिना चालू आहे, डिसेंबरअखेर बाळंतपण. म्हणाली, पप्पा, व्हिसा मिळून वर्ष झालं, तुम्ही अजून आलाच नाहीत, आता तरी या. तिला शांतपणे सांगितलं, योग्य विमान मिळालं की लगेच निघतो. त्यावर शारदा (बायको) स्वयंपाकघरातून ओरडली, यष्टी हाय का ती, गर्दी हाय म्हणून सोडायला?

विमान आणि यष्टी यांची तुलना. तीस वर्षं हिच्याबरोबर काढली.

निश्चय : या वेळी जायचंच. मात्र विमान मी ठरवणार.

६ ऑक्टोबर
पुतण्या बहिरू आला होता. प्लॉटिंगचा धंदा करतो, गळ्यात चेन, डोक्यात काही नाही. म्हणाला, तात्या, इमान म्हंजे इमान, बसायचं आन जायचं. हाच माणूस गाडी घेताना सनरूफ आहे का म्हणून चार शोरूम फिरला. आणि महासागरावर लोंबकळताना म्हणे कुठलंही चालेल!

त्याला समजावलं. लांब पल्ल्याची विमानं वाइडबॉडी असतात. दोन आइल, म्हणजे बसणाऱ्यांच्या मधून जायला दोन वाटा. पुण्याहून दिल्लीला जातं ते एका वाटेचं, नॅरोबॉडी. बोळ आणि हायवे यात फरक असतो की नाही? म्हणाला, आपल्या हायवेला तर दोन तास लागत्यात. विषय संपवला.

दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू पियूष. जळगावचा, आयटी पार्कच्या फेज टूला मोठ्या कंपनीत. दोनदा अमेरिकेला जाऊन आलाय. मोठ्या आशेनं विचारलं, कुठल्या विमानानं गेलास रे? विचार करून म्हणाला, पांढरं होतं काका.

अशांच्या हातात देशाचं सॉफ्टवेअर आहे.

११ ऑक्टोबर
अभ्यास पूर्ण. निष्कर्ष असे.

ट्रिपल सेव्हन : तीन-चार-तीन. एका रांगेत दहा माणसं. सीट सतरा इंच. सतरा इंचात आमच्याकडे कोंबडीसुद्धा अंड्यावर बसणार नाही. बाद.

ड्रीमलायनर : नऊ माणसं, पण बॉडीच अरुंद, त्यामुळे सीटला फार काही फायदा नाही. खिडकीला पडदा नाही, बटन दाबलं की काच निळी पडते. ही कसली खिडकी? बाद.

ए-३८० : दुमजली. चार इंजिनं. एक बंद पडलं तर तीन उरतात. दोनातलं एक बंद पडलं तर किती उरतं, ते चौथीतलं पोरही सांगेल. भीतीचा प्रश्नच नाही, गणिताचा आहे. पण हे विमान आमच्या मार्गावर नाही. विमान कंपन्यांना अक्कल नाही.

ए-३५० : नऊ माणसं, अठरा इंच, पंधरा हजार किलोमीटर रेंज. म्हणजे शिकागोला पोचून वर तेल उरेल. इंजिनं मात्र दोनच. एका इंजिनावरही तासन्तास उडतं म्हणे, तसं सर्टिफिकेट असतं. सर्टिफिकेट बहिरूकडंही आहे, सिव्हिल इंजिनिअरिंगचं. त्यानं बांधलेल्या बिल्डिंगच्या गॅलरीत मी उभा राहत नाही.

तरी नाइलाजानं ए-३५०.

२ नोव्हेंबर
तिकीट अजून काढलेलं नाही. कारणं :
(१) विमान नवं आहे का जुनं, हे कंपनी सांगत नाही.
(२) पंखाजवळची सीट हवी, तिथे कमी हलतं.
(३) मध्ये दिवाळी आली.

वैष्णवी फोनवर रडली. गरोदरपणात बायका हळव्या होतात. तिला पंखाचं महत्त्व सांगत होतो तर फोन शारदानं हिसकावला.

३ नोव्हेंबर
जावईबापूंनी तिकडून परस्पर दोन तिकिटं काढली. ५ डिसेंबर, सकाळी मुंबईहून, मध्ये एक स्टॉप. मला विचारलं नाही. चिडून विमान तपासलं. ए-३५०. सीटही पंखाजवळ.

नशीब असतं एकेकाचं. यात जावईबापूंचं कर्तृत्व शून्य.

रात्री जेवण गेलं नाही. शारदानं वांगं तिखट केलं होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार
आज पार्किंगमध्ये विमानाचा मॉक-अप केला. गणपती मंडळाच्या खुर्च्या आणल्या. तीन-तीन-तीन. पुढच्या-मागच्या रांगांमधलं अंतर टेपनं मोजून एकतीस इंच. भाडेकरूंना सक्तीनं बसवलं. शारदा मधल्या खुर्चीत मेथी निवडत बसली. विमानात मेथी निवडत नाहीत, हे सांगून उपयोग नव्हता.

मी आइलच्या खुर्चीत. डोळे मिटून प्रवासाचा अनुभव घेत होतो. तेवढ्यात बहिरू मागून आला, माझी खुर्ची दोन्ही हातांनी गदागदा हलवली आणि म्हणाला, तात्या, ढगात आलो बगा.

मी लगेच उठलो. पाण्याची मोटर बंद करायची राहिली असेल असं वाटलं. बंदच होती. तिथेच मोटरपाशी थोडा वेळ उभा राहिलो. परत आलो तेव्हा सगळे चहा पीत होते. शारदानं माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मेथीची काडी चुकून ताटात गेली असेल.

मॉक-अप यशस्वी.

२३ नोव्हेंबर
शारदा मुळशीला माहेरी जाऊन आली. धरणाकाठी भावाची भातशेती आहे, तिथून आंबेमोहोर आणला. शिवाय डिंकाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा, दहा दुपटी. तिला पेलोड-रेंजचा नियम समजावला, विमानात वजन वाढलं की पल्ला कमी होतो. तिनं ऐकून घेतलं आणि आणखी एक लाडूचा डबा कोंबला. म्हणाली, इमानाला जड झालं तर तुमी उतरा.

हिच्यात विज्ञाननिष्ठा नाही.

छातीत धडधडतं. गॅस असावा.

४ डिसेंबर
आळीत सत्कार. गेटबाहेर बहिरूनं भला मोठा फ्लेक्स लावलाय. 'आमचे मार्गदर्शक दादासाहेब यांना अमेरिका दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा.' माझा फोटो, शेजारी विमान. विमान नॅरोबॉडी! त्यानं शिकागोला जायचं म्हटलं तर अर्ध्या वाटेत समुद्रात पोहावं लागेल. बदलून लाव म्हणालो. म्हणाला, तात्या, लांबून कुणाला कळतंय.

नारळ, शाल, भाषणं. मीही बोललो. केबिन प्रेशरवर. बायका उठून गेल्या.

५ डिसेंबर, संध्याकाळ, जांबे
झालेला प्रकार तपशिलात लिहितो. माझी बाजू कोणीतरी लिहून ठेवली पाहिजे.

पहाटे बहिरूनं विमानतळावर सोडलं आणि तो लगेच परतला. आत एसी कडक. त्यामुळे मला घाम आला. काउंटरवरच्या मुलीला सहज विचारलं, ए-३५०च ना? ती हसत म्हणाली, नाही सर, आज एअरक्राफ्ट बदललंय, ट्रिपल सेव्हन आहे.

ट्रिपल सेव्हन!

तिला नऊ आणि दहा यांतला फरक सांगितला. म्हणाली, सर, तुमच्या दोन्ही सीट शेजारी-शेजारीच आहेत. तिला सतरा इंच म्हणजे काय ते हाताच्या वितीनं दाखवलं. मागच्या रांगेतले लोक कुजबुजायला लागले. रांगेत उभं राहण्यापलीकडे ज्यांनी आयुष्यात काही केलं नाही, असे लोक.

मग मी शारदाला बाजूला घेऊन म्हणालो, हे विमान मला तत्त्वतः मान्य नाही. आपण परत जाऊ, पुढच्या महिन्यात नीट बघून येऊ.

शारदा म्हणाली, ते उडतंय ना?
म्हणालो, उडतं.
वैष्णवीकडं जातंय ना?
एक स्टॉप घेऊन जातं.
मग माजी बॅग टाका त्या पट्ट्यावर.

मला वाटलं, धमकी देतेय. बाई आयुष्यात पुण्याच्या पुढे एकटी गेलेली नाही. इंग्रजी 'थँक्यू'पुरतं. पण तिनं काउंटरवरच्या मुलीला चक्क मराठीत सांगितलं, बाळा, माज्या पोरीचं बाळंतपण हाय, मला नेऊन बसवा. आणि व्हीलचेअर मागून घेतली. भाताचा भारा डोक्यावर घेऊन बांध ओलांडणारी बाई, व्हीलचेअरमध्ये! मांडीवर लाडवाचा डबा. कर्मचारी ढकलतोय आणि ही आजूबाजूला बघतेय, जत्रेतल्या रथात बसल्यासारखी.

जाताना म्हणाली, तुमी येताय का न्हाई, शेवटचं इचारते. मी म्हणालो, तत्त्व म्हणजे तत्त्व. तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. हातात तिकिटाचा कागद चुरगळला होता. संताप.

मग म्हणाली, फ्रीजमधी दूध हाय, नासवू नका.

ती परत येईल म्हणून बाहेर थांबलो. विमानाची वेळ टळून गेली. आली नाही.

शेअर टॅक्सीनं वाकड. तिथून रिक्षा. आळीत येताना तोंडाला रुमाल बांधला होता. धूळ फार. गेटसमोर फ्लेक्सवर मी हसत होतो. मागच्या दारानं घरात आलो.

निश्चय : कंपनीला सडेतोड तक्रार.

७ डिसेंबर
शारदा पोचली. पहिला फोन. प्रवास कसा झाला विचारलं. म्हणाली, लई झ्याक. तुमची सीट मोकळीच व्हती, तिच्यावर पाय पसरून झोपले. उठवलं तवा जेवान आलं व्हतं. मधे बदलायच्या विमानतळावर एक गुजराती बाई भेटली, तिला चार लाडू दिले.

विचारलं, सीट अरुंद नव्हती? दोन सीट म्हंजे किती इंच व्हत्यात ते तुमीच मोजा, म्हणाली.

चौतीस इंच. म्हणजे माझ्या न जाण्यामुळेच ती आरामात गेली. हे कोणाच्या लक्षात येणार नाही.

सध्या पडदे लावून राहतो. बाहेर गेलं की पन्नास प्रश्न, आणि या लोकांना एअरक्राफ्ट चेंज म्हणजे काय ते समजावण्यात माझी उमेद खर्च का करायची? दिवा लावत नाही. वजनात न बसलेले लाडू खातो. दूध नासलं.

१० डिसेंबर
बिल्डिंगचं पाणी गेलं. मोटरच्या खोलीची किल्ली माझ्याकडे. सकाळपासून वर बादल्यांचा आवाज. मग पियूषचा व्हॉट्सॲप कॉल. म्हणाला, सॉरी काका, तिकडे रात्र असेल, पण पाणी नाही, मोटरची किल्ली कुठे आहे?

मी खालच्या आवाजात, झोपेतून उठल्यासारखं, म्हणालो, अरे इथे बर्फ पडतोय, मला काही सुचत नाही, शेजारी विचार.

तो म्हणाला, काका, तुमचा आवाज फोनमधून पण येतोय आणि खिडकीतून पण येतोय.

नेटवर्कचे असे प्रकार होतात, हे त्याला सांगितलं. आयटीतला माणूस, त्याला कळायला हवं. पडद्याच्या फटीतून पाहिलं तर तो खिडकीखालीच उभा, हातात रिकामी बादली. मी किल्ली फटीतून खाली टाकली. त्यानं झेलली. म्हणाला, थँक्यू काका. अमेरिकेत काळजी घ्या.

उपरोध करतो. जळगावची माणसं अशीच.

१२ डिसेंबर
बहिरू आला. मागच्या दारानं. म्हणजे आळीत कळलंय. बरोबर भाकरी आणि पिठलं. विमानाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, हा त्याचा अडाणीपणा. मीच म्हणालो, ट्रिपल सेव्हन होतं. तो म्हणाला, व्हय तात्या, जेवा.

जेवलो. जाताना त्यानं गेटवरचा फ्लेक्स उतरवून गुंडाळून नेला. गोठ्यावर टाकायला होईल म्हणाला.

२२ डिसेंबर
वैष्णवीला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

शारदानं व्हिडिओ कॉल लावला. दुपट्यात गुंडाळलेलं एवढंसं तोंड. शारदा म्हणाली, नाक बगा, तुमच्यावर गेलंय. मी बघत राहिलो. काहीतरी बोलायचं होतं, पण नेटवर्क खराब होतं. त्यांना मी दिसत होतो, ऐकूही येत होतो म्हणे.

वैष्णवी थकलेली होती. म्हणाली, पप्पा, पहिल्यांदा तुमच्या हातात द्यायची होती. मी तिला सांगायला लागलो की दहा सीटच्या रांगेत माणसाला खांदा हलवायलाही... ती म्हणाली, पप्पा, राहू द्या. डोळे मिटले तिनं.

मग शारदा फोन घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. दार लावल्याचा आवाज आला. हळू बोलत होती, जी कधी बोलत नाही. म्हणाली, मार्चमधी मी येते तुमाला न्यायला. खिडकी नको, मधली सीट घिऊ. मी हात धरून बसते. तुमी डोळं मिटून घ्या. म्या सांगितल्याबिगर उघडू नका.

म्हणालो, प्रश्न सीटच्या रुंदीचा आहे.

म्हणाली, व्हय. रुंदीचाच हाय. मी कुटं काय म्हणतीया.

मार्चमध्ये त्या मार्गावर विमान कोणतं आहे, ते अजून पाहिलेलं नाही.