मृतांचं दार, रुंदी चौसष्ट सेंटिमीटर

१७ जानेवारी
निश्चय केला. घराचं चिणलेलं दार उघडायचं. इटलीतल्या आमच्या गुब्बिओ गावात जुन्या घरांना दोन दारं असतात. एक मोठं, रस्त्याच्या पातळीवर. शेजारी दुसरं, अरुंद, गुडघ्याच्या वर उंबरा असलेलं. ते मृतांचं. घरातलं कोणी गेलं की तेवढ्यापुरतं उघडायचं, शवपेटी काढायची, पुन्हा विटा लावायच्या. मग मरण त्या वाटेनं परत येत नाही. आजोबा तिथून गेले, असं बाबा सांगायचे. बाबांना मात्र आम्ही मोठ्या दारातून काढलं, वाइनच्या पिंपांमधून धक्के खात. ते अजून मनातून जात नाही. डॉक्टर म्हणतात, हृदयात खरखर आहे. म्हणजे हा शेवटचा वसंत. मी अरुंद दारातूनच जाणार.
बायकोला सांगितलं. एल्विया म्हणाली, आधी सॉसेज टांगून दे, मग खुशाल जा.

२० जानेवारी
दार मोजलं. चौसष्ट सेंटिमीटर. चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय, माझं माप चुकत नाही. तीनदा मोजलं. चौसष्टच.

२१ जानेवारी
क्विंतिलिओकडे गेलो. तो शवपेट्या करतो. शाळेत माझ्या बाकावर बसायचा, तेव्हाही खोडकरच होता. खांद्यांना टेप लावली, मग पोटाला. म्हणाला, सेत्तिमिओ, तुला पंच्याहत्तरची पेटी लागेल. मी म्हटलं, तिरकी न्या. म्हणाला, तिरकी केली तर तू सगळा एका बाजूला गोळा होशील. पोट बारा सेंटिमीटर उतरव, नाहीतर दोन फेऱ्यांत नेऊ.
विनोद आवडला नाही. उद्यापासून पास्ता बंद.

२२ जानेवारी
पास्ता बंद. एल्वियानं सॉसेज आणि पाल्याची भाजी भरून क्रेशा केली. क्रेशा ही भाकरी आहे, पास्ता नव्हे. चार खाल्ल्या.

२५ जानेवारी
पेटीचं माप दिल्याची बातमी गावभर. पाद्रीबाबा मरणाऱ्याला लावायचं पवित्र तेल घेऊन धावत आले. समोरची इनेस रडत होती, आणि रडता रडता माझा टोमॅटोचा वाफा पुढे कोण करणार हे विचारत होती. मी जेवत होतो. पाद्रीबाबांनी थोडा वेळ बघितलं, म्हणाले, भूक तर उत्तम आहे. मग त्यांनीही ताट वाढून घेतलं. कोणाला गांभीर्यच नाही.

१२ फेब्रुवारी
कार्निव्हल. रोज काहीतरी तळलेलं. खाल्लं नाही तर लोकांना वाटेल, खरंच आजारी आहे. लवकरच उपवासाचे दिवस येतील, तेव्हा पोट आपोआप उतरेल.
वजनकाटा बिघडलाय. एल्वियाला बरोबर बावन्न किलो दाखवतो. म्हणजे फक्त वरच्या आकड्यांत बिघाड.

३ मार्च
जुन्या वास्तूंच्या कार्यालयातून तार्सेत्तीबाई आल्या. मी अर्ज केला नव्हता, विटा काढायला कसला अर्ज? एल्वियानं परस्पर केला होता. बाई म्हणाल्या, घर चौदाव्या शतकातलं. मोठं दार दुकानाचं किंवा गोठ्याचं. अरुंद दार घरच्या माणसांचं. आत लगेच जिना, बाहेर लाकडी पायरी, संध्याकाळी ती आत ओढून घ्यायची. मृतांची गोष्ट लोकांनी मागाहून जोडली.
मी विचारलं, मग अरुंद का? म्हणाल्या, हल्ला झाला तर एकटा माणूससुद्धा ते राखू शकतो, म्हणून.
फार शिकलं की साध्या गोष्टी सुचत नाहीत. मेलेला माणूस हात हलवत नाही, म्हणून अरुंद! मी पाचवीपर्यंतच शिकलोय, पण पुढचं भिंतींपाशी शिकलोय. परवानगी मिळाली. हसत हसत दिली, ते खटकलं.

१९ मार्च
विटा काढल्या. छातीत दोनदा धडधडलं, पण थांबलो नाही. आत खरंच दगडी जिना निघाला. पायऱ्या मधोमध दोन बोटं झिजलेल्या. बघत राहिलो. इतके लोक मेले आमच्या घरात?
एल्वियानं विचारलं, ते मेल्यावर चालत जायचे का रे?
मी काढलेल्या विटा मोजायला घेतल्या.

२२ मार्च
तालीम घेतली. पोट थोडं उतरलंय, असा माझा अंदाज होता. फळीवर आडवा झालो, हात छातीवर. क्विंतिलिओ डोक्याशी, त्याचा मेहुणा पायाशी. जिना नीट उतरलो. दारात अडकलो. पाय रस्त्यावर, डोकं जिन्यात, पोट चौदाव्या शतकात.
एल्विया मोठ्या दारानं बाहेर गेली आणि माझ्या तळव्यांसमोर उभी राहून म्हणाली, मोजे तरी बदलायचे होतेस. इनेसनं सगळी गल्ली गोळा केली. क्विंतिलिओ आतून ओरडत होता, सांगितलं नव्हतं, दोन फेऱ्या?
अग्निशमनवाले आले. आमच्याच झाडांचं ऑलिव्ह तेल ओतलं आणि पाय धरून ओढलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. तार्सेत्तीबाईही धावत आल्या. त्यांनी आधी चौकट तपासली, मग मला.
सातशे वर्षांत भिंती आत सरकतात. हे कोणी लक्षातच घेत नाही.

२३ मार्च
अंग दुखतंय. कोणाला भेटलो नाही. तेलाचा वास जात नाही.

३० मार्च
एल्वियानं अरुंद दाराबाहेर लाकडी पायरी ठेवली. म्हणते, थेट स्वयंपाकघरात जाता येतं, पिंपांना वळसा नको. मी तिला किती सांगितलं, जिवंत माणसानं त्या दारातून जाऊ नये. ऐकलं नाही. सकाळी तिथूनच पाव आणायला गेली. मी मोठ्या दारात उभा राहिलो. हृदय खरखरत होतं. कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तेव्हा तर चार पावलं रस्त्यावर गेलो.
परत आली. त्याच दारानं. पाव गरम होता.
आतून हाक मारली, तिथे काय उभा आहेस, खायला ये. तू आपला मोठ्या दारानं ये.