दालन क्रमांक दोनमधील ओठांचा गोंगाट

प्रति,
मा. व्यवस्थापक,
नगर चित्रदालन, पुणे.

अर्जदार : रतन सोनबा ओव्हाळ, निवृत्त कामगार, रा. विश्रांतवाडी, पुणे.

विषय : दालन क्र. २ मधील चित्रांचा गोंगाट आटोक्यात आणणेबाबत व प्रदर्शनाची मुदत वाढवून मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराचा मागील अर्ज व त्यावरील आपल्या कार्यालयाचा शेरा : 'आवाज आढळून आला नाही.'

महोदय,

१. वर नमूद अर्जदार दोन्ही कानांनी ठार बहिरा आहे. कारखान्यात लोखंडी पत्रे ठोकण्याच्या खात्यात त्याची उभी हयात गेली व निवृत्त होताना कान तिथेच राहिले. बहिऱ्याने गोंगाटाची तक्रार करावी याचे आपल्या कार्यालयास हसू आले असल्यास अर्जदाराचा राग नाही. कार्यालयास कान आहेत, त्यामुळे ऐकण्याचा दुसरा मार्ग शोधण्याची वेळ त्यावर आलेली नाही. अर्जदार समोरच्याच्या ओठांवरून ऐकतो व त्याला चांगले ऐकू येते.

२. मागील आठवड्यातील मंगळवारी अर्जदार बँकेत आपण जिवंत असल्याची सही करून परतत होता. ऊन फार, म्हणून जरा टेकावे या हेतूने तो आपल्या दालनात शिरला. दारावर 'शांतता राखा' अशी पाटी होती. आत पाहतो तर भिंतीभर दाराएवढाले ओठ! ना नाक, ना डोळे, नुसते ओठ. लालभडक, जांभळे, भेगा पडलेले, पानाने रंगलेले, एकावर तर दुधाची साय. आणि सगळे एकदम बोलत होते. कारखान्यातली यंत्रे निदान जेवणाच्या सुट्टीत तरी गप्प बसत. अर्जदाराने घाबरून कानांवर हात ठेवले, ज्याचा त्याला काहीच उपयोग नाही. मग डोळे मिटले, तेव्हा शांत झाले. परंतु त्याच अवस्थेत बाहेर पडताना दारातील कुंडी फुटली. त्याबद्दल अर्जदार दिलगीर आहे.

३. काही सभ्य गृहस्थांनी 'हे प्रदर्शन सहकुटुंब पाहण्याजोगे नाही' असे अभिप्राय नोंदवल्याचे समजते. त्या तक्रारीशी अर्जदाराचा संबंध जोडू नये. ओठांत त्याला वावगे काही दिसले नाही. ते एकमेकांचे काहीही न ऐकता बोलत राहतात एवढेच, आणि त्यासाठी कारवाई करायची झाल्यास निम्म्या पुण्यावर करावी लागेल.

४. मागील अर्जात अर्जदाराने साधी विनंती केली होती, की 'शांतता राखा' ही पाटी बाहेर न लावता आत, ओठांना दिसेल अशी लावावी. त्यावर आपण माणूस पाठवलात. त्याने आवाज मोजण्याचे यंत्र प्रत्येक चित्रापुढे धरले आणि कागदावर शून्य लिहिले. यंत्राला ओठ वाचता येत नाहीत हे त्याच्या लक्षात आणून द्यायला गेले असता आपले पहारेकरी श्री. सर्जेराव मध्ये पडले. ते बराच वेळ काही समजावत होते. परंतु त्यांच्या मिशा तोंडावर येतात, सबब ते काय म्हणाले याविषयी अर्जदार काही सांगू शकत नाही.

५. आता मूळ मुद्दा. अर्जदार गोंगाटाला वैतागूनही दालनात रोज येतो, याचे कारण चित्र क्रमांक अकरा. हे पानाने रंगलेले, थोडे सुरकुतलेले ओठ आहेत. ते अर्जदाराकडे वळून 'जेवलात का?' असे विचारत आहेत. त्यांपैकी 'जे' झाले आहे, पुढचे व्हायचे आहे. चित्रकार शर्मिलाताई भल्या बाई आहेत. त्यांनी समोर उभे राहून, एकेक शब्द सुटा करून सांगितले, "काका, ही माझी आई आहे. ती काही बोलत नाहीये, पान चघळतेय." अर्जदाराचे म्हणणे असे, की पान चघळणारी आई जेवणाचे विचारू शकते. त्यावर शर्मिलाताई हसल्या व म्हणाल्या, "हो, विचारते खरी."

६. अर्जदार खुळा नाही. चित्रातले ओठ हलत नाहीत हे त्याला कळते. आपल्या कार्यालयातला कागदही हलत नाही, तरी त्याची वाट पाहणाऱ्याला आपण खुळ्यात काढत नाही.

७. घरची परिस्थिती सांगणे भाग आहे. मुलगा समाधान मोबाइलवर बोलतो तो तोंडावर हात धरून. सून पायल संगणकाच्या कंपनीत आहे, स्वभावाने गुणी आहे. ती जेवणाच्या टेबलाशी बसून छान मोकळ्या तोंडाने बोलायची. सूनबाई आपल्याशी बोलतात या आनंदात अर्जदार महिनाभर माना डोलवत होता, मनापासून उत्तरेही देत होता. पुढे तिच्या केसांआड कानाला लावलेले यंत्र दिसले. ती अमेरिकेतल्या कोणाशी तरी बोलत होती. अर्जदाराच्या कामाचे जे असते ते चिठ्ठीवर लिहून फ्रिजला लावलेले असते. पत्नी चंपाबाई होत्या तोवर त्या हनुवटी धरून अर्जदाराचे तोंड आपल्याकडे वळवीत व मगच बोलत, भांडायचे असले तरी. त्या गेल्यापासून फार एकटे वाटते. ही बाब अर्जात लिहिण्यासारखी नाही, परंतु दुसरीकडे कुठे लिहावी हे न कळल्याने येथे लिहिली आहे.

८. प्रदर्शन रविवारी आटोपणार असून चित्र क्रमांक अकरा एका संगणक कंपनीने बैठकीच्या खोलीसाठी घेतल्याचे कळते. त्या खोलीत सगळ्यांची तोंडे पडद्याकडे असतील. मग ही बाई जेवणाचे कोणाला विचारणार?

तरी विनंती, की प्रदर्शनाची मुदत चित्र क्रमांक अकराचे बोलणे पुरे होईपर्यंत वाढवावी. तोवर उरलेल्या ओठांवर चादरी टाकाव्यात, म्हणजे तिचा आवाज दबणार नाही. चादरी अर्जदार घरून आणील.

उत्तर कृपया लेखी पाठवू नये. आपण स्वतः दालनात यावे, उजेडाकडे तोंड करून उभे राहावे व काय ते सावकाश सांगावे. मुदत वाढवता येत नसेल तर तसे सांगावे. 'नाही' हा शब्दसुद्धा समोर उभे राहून म्हटला, तर अर्जदाराला स्वच्छ ऐकू येतो.

आपल्या तोंडाकडे पाहत उभा असलेला,

(सही)
रतन सोनबा ओव्हाळ
पुणे, दि. १४ नोव्हेंबर २००३