स्वॅपीनेस शून्य आणि सतरा कुळं

गंगापूर रोड, नाशिक
घटस्थापनेनंतरचा दुसरा दिवस

तीर्थरूप दिवाकरकाकांना आल्हादचा साष्टांग नमस्कार (नेहमीपेक्षा अंमळ जास्त वेळ घातलेला).

डोळ्यावरची पट्टी निघाल्याचं काकूंकडून कळलं, फार बरं वाटलं. थेंब वेळेवर घालत जा. वाकू नका, ओझं उचलू नका, रागावू नका. (शेवटचं डॉक्टर म्हणाले नसतील, तर ते माझ्याकडून समजा.) अक्षर दिसत नसेल तर पत्र अपूर्वाकडून वाचून घ्या. अपूर्वा, माझी फजिती म्हटली की तुला लहानपणापासून उकळ्या फुटतात; पण या खेपेला वडिलांसमोर जरा बेतानं हस.

फोन का केला नाही असं तुम्ही विचाराल. केला होता, तीनदा. तिन्ही वेळा तुम्ही "काय रे, बैठक नीट चालली आहे ना?" असं विचारलंत आणि तिन्ही वेळा मी "एकदम" असं म्हणून पुण्याच्या हवेची चौकशी केली. समोरून आवाज आला की माझ्या तोंडून खरं निघत नाही. म्हणून हा कागद. कागद मध्येच प्रश्न विचारत नाही.

तर दोन वर्षांपूर्वी आपल्या पौरोहित्याच्या बैठकीवरच्या, यजमानांच्या कुळांच्या नामावळीच्या वह्या संगणकावर आणायची टूम मीच काढली, हे तुम्हाला आठवत असेलच. सिंहस्थ तोंडावर आला, यजमान आले की तासभर वह्या चाळत बसायचे दिवस गेले, असं मोठं भाषण मी तुमच्यासमोर ठोकलं होतं. (त्यात 'डेटा' हा शब्द बावीस वेळा आला, असं काकू अजून सांगतात.) तुम्ही मान हलवलीत, कपाटाला कुलूप लावलंत आणि "मी वही बंद केली, आता तू आणि तुझं यंत्र" असं म्हणालात. मला त्या दिवशी जग जिंकल्यासारखं वाटलं होतं.

यंत्र म्हणजे माझ्या मित्राकडून, अमोलकडून घेतलेला जुना संगणक. तो चालायचा, पण पितृपक्षाच्या गर्दीत एकेक नोंद घ्यायला आठ-आठ सेकंद लावायला लागला. तुम्ही पुण्याला, रांगेत यजमान ताटकळत, आणि शेजारच्या बैठकीवरचे लोक वही उघडून भराभर नावं लिहून घेताहेत. एकानं मला "पंडितजी, तुमचं यंत्र जेवायला बसलंय का?" असंही विचारलं. आता दिवसभर कंपनीत मोठमोठ्या सर्व्हरची देखभाल करणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल! मी ठरवलं, याच्या कर्नललाच हात घालायचा.

कर्नल म्हणजे संगणकाचा आतला कारभारी. तो काय करतो ते काकूंच्या स्वयंपाकघरावरून सांगतो. मेमरी म्हणजे ओटा. त्यावर जे मांडलंय ते पटकन हाताशी येतं, पण ओटा लहान. डिस्क म्हणजे भिंतीतलं कपाट. ते मोठं, पण उघडायला वेळ लागतो. ओट्यावर गर्दी झाली की कारभारी कमी लागणारी भांडी माळ्यावर चढवतो आणि लागली की उतरवतो. ही भांडी किती हौसेनं माळ्यावर टाकायची त्याचा एक आकडा असतो, त्याला स्वॅपीनेस म्हणतात. तो मुळातच साठ ठेवलेला असतो. ज्यांनी ठेवला ते माझ्यापेक्षा शहाणे असतील, हे मला आज पटतंय.

मी तो शून्य केला. माळ्यावर काही टाकायचंच नाही! एका परदेशी लेखात तसं लिहिलं होतं. (तो लेख आपल्या संगणकाच्या साठपट मेमरी असलेल्या यंत्रासाठी होता, ही ओळ लेखाच्या तळाशी होती. तळापर्यंत वाचायची माझी सवय शाळेतच सुटली, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?)

तेवढ्यावर थांबलो असतो तर निभावलं असतं. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. नवीन लिहिलेलं नाव आधी ओट्यावर असतं, थोड्या वेळानं कारभारी ते कपाटात नेऊन ठेवतो. कपाटात गेलं म्हणजे ते टिकलं. एरवी हे अर्ध्या मिनिटात होतं. मला वाटलं, ही कपाटाची सारखी उघडझापच वेळ खाते आहे, तर दहा-दहा मिनिटांनी एकदम नेऊ दे. हा आकडा सेकंदाच्या शंभराव्या भागात द्यावा लागतो. दहा मिनिटांचे साठ हजार होतात. मी सहा लाख लिहिले. म्हणजे शंभर मिनिटं. शिवाय माझ्याच प्रोग्राममध्ये 'प्रत्येक नाव ताबडतोब कपाटात टाक' अशी एक ओळ होती, तीही वेगासाठी मी काढून टाकली. काका, ती ओळ पूर्वी मीच शहाणपणानं लिहिली होती, याची जास्त लाज वाटते.

सर्वपित्री अमावास्येला सकाळी सातला बैठक मांडली आणि यंत्र असं पळायला लागलं की विचारू नका. नाव सांगायचा अवकाश, नोंद तयार! शेजारच्या बैठकीवरची मान इकडे वळली. मी छाती काढून बसलो. सव्वाआठपर्यंत सतरा कुळांची नोंद झाली. त्या मस्तीत मी आणखी वेग काढता येतो का बघावं म्हणून त्याच संगणकावर मेमरी वाचवण्याबद्दलचे लेख उघडत सुटलो. एक, दोन, बेचाळीस. मेमरी वाचवण्याच्या त्या लेखांनीच मेमरी खाल्ली. ओटा भरला, माळा मी बंद केलेला, आणि कारभारी जागच्या जागी थिजला. बाण हलेना, अक्षर उमटेना. रांगेतले लोक माझ्याकडे बघताहेत. मग मी जे केलं ते कंपनीत नव्या पोरांना कधी करू नका म्हणून शिकवतो. अंगठ्यानं बटण दाबून धरलं.

यंत्र पुन्हा सुरू झालं तेव्हा सकाळ कोरी होती. सतराच्या सतरा कुळं ओट्यावरच राहिलेली, कपाटात एकही नाही. वीज गेली नव्हती, चोर आला नव्हता. सगळं मी माझ्या अंगठ्यानं केलं.

सोळा कुळांनी आधी व्हॉट्सॲपवर नावं पाठवली होती, म्हणून ती परत मिळाली. ("खात्री करून घेतोय" असं मी सगळ्यांना कळवलं. लोकांनी माझ्या काटेकोरपणाचं कौतुक केलं. ते वाचवत नव्हतं.) सतराव्या होत्या कळवणकडच्या कुसाबाई. एकट्या, न कळवता, पहाटेच्या एसटीनं आलेल्या. त्यांची मैना नावाची मुलगी होती, लग्नाआधीच गेली. तिचं नाव कुठं तरी लिहिलेलं असावं, एवढ्यासाठी आल्या होत्या. तिथी, वय, सगळं त्यांनी सावकाश सांगितलं, आणि मी वेगाच्या नादात मान वर न करता टाइप केलं.

विधी आटोपून त्या नऊला परत आल्या. म्हणाल्या, "लिवलं ना बाबा? मला दाव. वाचता येत नाय, पर दाव."

काका, त्या वेळी खरं बोलायला हवं होतं. मी रिकाम्या पडद्यावर 'मैना' असं मोठ्या अक्षरात टाइप केलं आणि त्यांच्याकडे वळवलं. त्यांनी पडद्यावर हात ठेवला, मग तोच हात कपाळाला लावला. "आता पुसायचं नाय ना?" असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. मग त्यांची पिशवी उचलून रिक्षापर्यंत नेली, भाडं मीच दिलं, आणि परत येऊन बसलो तर मला पुढचं नाव लिहवेना. तिथी आठवत नाही, वय आठवत नाही. गावाचं नावही आठवत नाही.

सगळे आकडे पूर्वीसारखे केले आहेत, काढलेली ओळ जागेवर घातली आहे. यापुढे कर्नलला हात लावणार नाही. मला रागवायचं असेल ते डोळा बरा झाल्यावर, सावकाश रागवा. अपूर्वाला आशीर्वाद, तिच्या चिरंजीवांना गोड पापा.

आपला नालायक पुतण्या,
आल्हाद

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. कुसाबाईंचं गाव जुन्या वहीत सापडेल म्हणून भीतभीत काकूंकडे कपाटाची किल्ली मागितली. त्यांनी ती पदराच्या गाठीतून लगेच काढून दिली आणि म्हणाल्या, "मागितली तरच द्यायची, असं सांगून गेलेत." वही उघडली. काका, तुम्ही तर वही बंद केली होती ना? या दोन वर्षांतली माझी प्रत्येक नोंद तिथं तुमच्या हातची आहे, पुण्याला जायच्या आदल्या दिवसापर्यंतची. शेवटच्या पानांवर ओळी तिरक्या गेल्यात, अक्षर बोटभर मोठं झालंय. त्या डोळ्यांनी तुम्ही हे रोज संध्याकाळी लिहीत होतात आणि मला एका शब्दानं बोलला नाहीत. त्यापेक्षा माझ्या दोन थोबाडीत दिल्या असत्यात तर बरं वाटलं असतं.

ता. क. २. कुसाबाईंचं घराणं सापडलं. आठ वर्षांपूर्वी त्या नवऱ्याचं, खंडेरावांचं, करायला आल्या होत्या. गाव आहे, खंडेरावांचं नाव आहे, त्यांच्या वडिलांचं, आजोबांचं आहे. खाली तुमच्या सुरेख अक्षरात लिहिलंय: 'कन्या एक.' नाव नाही. काका, लहान तोंडी मोठा घास घेतोय, पण तेव्हा ते विचारलं असतं तर बाईंना परत यावं लागलं नसतं. त्या ओळीपुढे चार बोटं जागा आहे. माझ्या गिचमिड अक्षरात तिथं लिहायची परवानगी द्या. तिथी विचारायला उद्या सकाळच्या एसटीनं कळवणला निघतोय. त्यांच्या दारात उभा राहून पहिलं वाक्य काय बोलू, ते मला सुचत नाही. तेवढं एक वाक्य तुम्ही सांगा. हे पत्र टपालानं पोचायला वेळ लागेल, म्हणून फोटो काढून आत्ताच अपूर्वाला पाठवतोय. मी फोन हातात घेऊन बसलोय. वाक्य दोघांच्या वतीनं असू द्या.