उपवासाची गोळी

१५ सप्टें., सोम.
आईची संधिवाताची गोळी सुरू झाल्यापासून बोटं बरीच वळू लागलीत. काल स्वतः भाकरी थापल्या. आठवड्याला एकच गोळी. अकोल्याच्या डॉक्टरांनी बजावलंय, डोस लहान आहे, औषध लहान नाही, रोज घ्यायचं नाही. वार आईनेच ठरवला: सोमवार, उपवासाचा. "उपास आला का गोळी. मंग इसरत नाही." बायकोला म्हटलं, या घरात शिस्त फक्त आईलाच. सुनंदा म्हणाली, तुम्ही तर चष्माही विसरता.

२२ सप्टें., सोम.
घट बसले. आईचं नवरात्र कडक. पायात चप्पल नाही, पोटात नुसती भगर. या वयात कशाला, म्हटलं.
"तू गप राह्य. मले जमते."
दगडावर डोकं कोण आपटणार.

२६ सप्टें., शुक्र.
आईचं तोंड आलंय. पाणीही झोंबतं. भगर, शेंगदाणे, उष्णता झाली असणार. सुनंदाने तूप लावलं. उपवास सोड म्हटलं तर भिंतीकडे तोंड करून पडली. एवढी मलूल कधी नसते. मला हे लक्षण बरं दिसत नाही.

२८ सप्टें., रवि.
ताप. दंडावर निळे डाग, कुठे आपटली नाही म्हणते. गोळीचं तर काही नसेल? विचारलं, शेवटची कधी घेतली?
"आज घेतली ना. उपास हाय ना आज."
आणि काल?
"काल बी उपास होता."
घट बसल्यापासून रोज. आरती झाली की तीर्थासोबत. आमच्या डोळ्यांदेखत! डॉक्टरांना फोन केला. एवढंच म्हणाले, आत्ता निघा.

३० सप्टें., मंगळ. अकोला
रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी फार खाली. उतारा म्हणून इंजेक्शन चालू आहे, पण साधा जंतूही आता तिला झेपणार नाही. मास्क लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस जाऊ द्या, मग बोलू. बोलताना माझ्याकडे बघत नव्हते. सुनंदा बाकावर बसून आहे, ती रडली तर मीही...
संध्याकाळी आईने खुणेने जवळ बोलावलं. ओठ फुटलेले, शब्द कसाबसा निघत होता.
"देवी कोपली का रे? मी त एकही दिवस चुकली नाही."
नाही चुकलीस, म्हटलं. ताप अजून उतरलेला नाही.