माझ्या कार्डावरच्या फुल्या

प्रिय ठमाबाई,

सकाळपासून तीनदा फोन लावला. तू हॅलो म्हणालीस की माझी दातखीळच बसते, मग चुकून लागला म्हणते आणि ठेवून देते. म्हणून हे लिहितेय.

माझं काम तुला माहीतच आहे. क्षयाच्या पेशंटना समोर बसवायचं, गोळ्या गिळायला लावायच्या, जिभेखाली बघायचं आणि मग कार्डावर फुली मारायची. दवाखान्यात मला फौजदारीणबाई म्हणतात. एका सुताराने गोळी गालात दडवली, तर त्याची मी अशी हजेरी घेतली की बिचारा अजून रस्त्यात मला बघून आपणहून आ करतो.

त्या फौजदारीणबाईंचंही एक कार्ड आहे गं. चार महिन्यांपूर्वी मलाच क्षय निघाला. तुला सातवा महिना होता, म्हणून बोलले नाही. गोळ्या सहा महिने घ्यायच्या होत्या. दोन महिन्यांत खोकला गेला, गाल वर आले. डॉक्टर म्हणाले, आता तुझ्यापासून कुणाला धोका नाही, फक्त एकही गोळी चुकवू नकोस. आणि मी तुझ्या बाळंतपणाला निघताना गोळ्या कपाटातच ठेवून आले! तुझ्या सासूबाईंच्या नजरेला पाकीट पडलं असतं, तर त्यांनी मला बाळाला हातही लावू दिला नसता. म्हटलं, पाच आठवड्यांत काय होतंय! परत आल्यावर त्या पाच आठवड्यांच्या फुल्या एका बैठकीत मारून टाकल्या. माझ्या कार्डावर फुली मारणारी मीच, मला कोण आ करायला लावणार?

तुझ्याकडे शेवटी शेवटी मी खोकत होते, आठवतं? तुला धूळ म्हणाले. ती धूळ नव्हती. काल रिपोर्ट आला. जंतू परत दिसताहेत, आणि नेहमीच्या गोळ्यांना ते आता दाद देणार नाहीत अशी डॉक्टरांना शंका आहे. ठमे, मी फार घाबरलेय. अक्षर बघतेच आहेस.

पण स्वतःसाठी घाबरायला वेळ आहे. हे पत्र हातात पडताच बाळाला दवाखान्यात ने. हसत असलं, दूध पीत असलं, तरी ने. तूही तपासून घे. सोबतचा रिपोर्ट दाखव. माझी लाज राखायला 'ओळखीत कुणाला तरी आहे' असं म्हणू नकोस. सासूबाईंच्या देखत सांग, याच्या मावशीला आहे, आणि ती रोज याला कुशीत घेऊन झोपत होती.

तुझीच,
ताई