सफरचंदांच्या हाराची राखण

३ मार्च, सोमवार
आजपासून आपण राजकारणात. ऑफिशियल. पक्षाच्या ऑफिसात प्रदीपकुमारअण्णांनी फॉर्म भरून घेतला, छातीवर बिल्ला लावला. रविवारच्या प्रचारसभेला स्वयंसेवक. सध्यापुरता. स्टेजवर पंधरा खुर्च्या असतात, त्यातली एक यंदा मराठी समाजाला द्यायची आहे, असं अण्णा म्हणाले. माझं नाव घेतलं नाही, पण बघत माझ्याकडेच होते.
वीणाला सांगितलं. ती म्हणाली, अहो, दुकानात परकरांचा माल येऊन पडलाय, तो आधी लावा. बायको चांगली आहे, पण दूरदृष्टी शून्य.

५ मार्च, बुधवार
कानडी मुलखात, या राजाजीनगरात आमची ही तिसरी पिढी. स्टेजवर आजवर कोण बसलं? कोणीही नाही. समाजाचे सेक्रेटरी भगवंतराव यांना फोन केला. म्हटलं, रविवारी चाळीस माणसं घेऊन या, मला स्टेजवर बघायला. आता माघार नाही. जरीचा फेटा उन्हात टाकला. डांबरगोळ्यांचा वास जाईना.
ऑफिसात पत्रकांच्या घड्या घातल्या. सहाशे. बाकीचे स्वयंसेवक गलिच्छ. एक जण सांबाराच्या हाताने उमेदवाराच्या तोंडावर घडी घालत होता. शिसारी आली. निवडून आलो की पहिलं काम, इथे साबण ठेवणे.

८ मार्च, शनिवार
मोठी जबाबदारी! उद्या उमेदवार मोहनकुमारसाहेबांना क्रेनने सफरचंदांचा हार. अडीचशे किलो. साहेब येईपर्यंत राखण माझ्याकडे. हार साहेबांच्या गाडीवर उतरला की लोक फळं ओरबाडतात, ती रीतच आहे. पण त्याआधी एकालाही हात लागता कामा नये, असं अण्णांनी बजावलं. काम नीट झालं तर खुर्चीचं बघू म्हणाले. बघू म्हणजे पक्कंच.
संकल्प: उद्या उपवास. पोट हलकं असलं की भाषण रंगतं. भाषण कोणी सांगितलेलं नाही, पण तयार असावं.

९ मार्च, रविवार. दुपारी १२.४०
साहेब नऊला येणार होते. हार क्रेनला लटकतोय, माझ्या खांद्याच्या उंचीवर. ऊन मरणाचं. लोक पुलाव खातात, पाकीट तिथेच टाकतात आणि त्यावरच फतकल मारतात. घाम, डालडा, गुटखा. शी! ही मतदार मंडळी? ह्यांच्यासाठी मी उपाशी?

१.१५
एक सफरचंद काढलं. तपासणीसाठी. साहेबांच्या हारात सडकं निघालं तर जबाबदार कोण? नुसतं बघून आतलं कसं कळणार? खाल्लं. उपवासाला चालतं.

संध्याकाळी ७, घरी
माणसाच्या हावरटपणाला सीमा नाही! मी तपासणी करत असताना एक जाडा गृहस्थ आला. विचारतो, वाटप सुरू झालं का? माझं तोंड भरलेलं. नाही म्हणायला घास गिळेपर्यंत दोनशे माणसं हारावर. क्रेनवाला वरून कानडी-मराठीत ‘स्वल्प थांबा’, जरा थांबा, म्हणून बोंबलत होता. नेमके तेव्हाच भगवंतराव चाळीस माणसं घेऊन पोचले. आपल्या माणसांनी रांग लावून घेतली, एवढंच समाधान.
तीनला साहेब आले. ढोल वाजले, क्रेनने हार उचलला. वर दोरखंड, थोडा पाला आणि सात सफरचंदं. साहेबांनी अण्णांकडे बघितलं, अण्णांनी माझ्याकडे.
मराठी समाजाची खुर्ची भगवंतरावांना. चाळीस माणसं आणली म्हणे! आणली कोणाच्या फोनवरून? स्टेजवर बसून कचाकचा सफरचंद खात होता. किळस आली मला राजकारणाची.

१० मार्च, सोमवार
पक्षाच्या व्हॉट्सअप ग्रुपमधून मला काढलं. बिनपगारी कामावरूनही माणसाला काढता येतं. समाजाच्या ग्रुपवर भगवंतरावांचा फोटो, खाली अभिनंदनाची रांग. त्याखाली एक व्हिडिओ: हार, बिल्ला आणि माझे फुगलेले गाल. तपासणीबद्दल सविस्तर खुलासा टाकला. सगळ्यांनी वाचला आणि खाली भगवंतरावांचं अभिनंदन चालू ठेवलं.
दुपारी वीणाला सगळं समजावलं. तपासणी, जाडा गृहस्थ, अण्णांचं कारस्थान. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, सफरचंद कसं होतं?
पहिली तीन पिठूळ निघाली, म्हणालो. चौथं गोड होतं.